शेड नंबर नाही

हिराजी नर्सरीवाल्याने कुंडी रिक्षात ठेवता ठेवता
एवढंच सांगितलं होतं :
"याची जागा हलवू नुको गो, रुसतंय."
साडेतीनशे रुपये. मी घासाघीस केली नाही.
सावद्याच्या शाळेच्या कुंपणाला हेच क्रोटन
फुकट उभं असायचं, बकरीही तोंड लावत नसे,
हे घणसोलीच्या नाक्यावर कुणाला सांगायचं?

एकतीस वर्षं रबाळ्याच्या कारखान्यात
मी रंग जुळवले.
गिऱ्हाईक चिंधी पाठवायचं, पत्र्याचा तुकडा पाठवायचं,
एकाने तर बायकोच्या शालूचं सूत पाठवलं होतं.
उत्तरेच्या खिडकीशी उभं राहून
मी थेंबाथेंबाने लाल मोडायची, पिवळा चढवायची,
मग कार्डावर नंबर,
नंबराखाली सही : प्र. ना. वाघुळदे.

त्याच सवयीने क्रोटनचं एक पान उजेडाला धरलं.
शिरेवर ओल्या हळदीचा, कडेला भिजल्या विटेचा,
आणि देठाजवळ एक ठिपका
ज्याच्यासाठी माझ्याकडे शब्द नाही, नंबरही नाही.
शेजारच्या पानाचा हिशेब वेगळाच.
एका बॅचमध्ये एवढा फरक पडला असता
तर साहेबांनी अख्खं पिंप गटारात ओतायला लावलं असतं.

ऋजुताला घर मांडायची हौस.
तिने माळ्यावरून माझं घंगाळ काढलं,
चिंचेने घासलं, कुंडी आत बसवली
आणि टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात मांडली.
मागे राखाडी भिंत, वर पिवळा दिवा.
दिसत होतं छान, खोटं का बोलू.
घंगाळाला भोक नसतं
म्हणून मी कुंडीखाली एक वाटी पालथी घातली, एवढंच.
हिराजीचं वाक्य आठवत होतं.
पण सासूने कुठे कुठे बोलायचं?

आठव्या दिवशी पहिलं पान पडलं.
मग रोज सकाळी दोन, तीन.
वाळून नाही, सुकून नाही,
अंगावरच्या सगळ्या रंगासकट.
ऋजुता घाबरून पाणी घालत सुटली.
तेव्हा मात्र बोलले :
"बोटाचं पहिलं पेर मातीत घाल.
कोरडं लागलं तरच."
तिने घातलं. नखात माती गेली.
"ओलं आहे," म्हणाली, लहान मुलीसारखी.

कुंडी उचलून पूर्वेच्या ग्रिलपाशी नेली.
तिथे ऊन साडेनऊपर्यंत थांबतं,
मग समोरच्या टॉवरमागे जातं.
नेताना एक फांदी मोडली,
पांढरा चीक तिच्या कुर्त्यावर.
चीक पांढरा, डाग तपकिरी,
आणि या झाडाच्या सगळ्या रंगांत
तेवढा एकच पक्का. धुऊन बघितला, गेला नाही.

आता रोज जुन्या सुती साडीच्या फडक्याने
उरलेली अकरा पानं पुसते.
बेलापूर रोडची धूळ वरून,
आणि खालून कोळ्यांची बारीक जाळी,
जी चष्म्याशिवाय दिसत नाही, चष्म्यातूनही फारशी नाही.
डॉक्टर म्हणतात उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकतोय,
पिवळं जरा जास्तच दिसत असेल.
म्हणजे ती हळद किती त्याची, किती माझी, कोण जाणे.

पडलेली पानं मी जुन्या शेडबुकात ठेवली होती,
एकेक रिकाम्या चौकोनाशी.
पंधरा दिवसांनी उघडलं
तर सगळी एकाच तपकिरीची. तो नंबर मला पाठ आहे.

काल शेंड्याला टोक फुटलं.
ऋजुता वाकून बघत राहिली.
"हिरवंच आलं हो," म्हणाली.
"कोवळं हिरवंच येतं. उजेडात राहू दे, रंग मागून चढतो."
"कुठला?"
एकतीस वर्षांत या प्रश्नाला
मी दुपारच्या जेवणाआधी उत्तर दिलेलं आहे.
"बघू," म्हणाले.

घंगाळ अजून त्याच कोपऱ्यात आहे, त्याच दिव्याखाली.
ती त्यात छत्र्या ठेवते.